बकरीनं खाल्लेला तक्ता

सन एकोणीसशे ब्याऐंशीचा उन्हाळा, अक्षय तृतीया होऊन चौथा दिवस. आंबागडजवळच्या लाकूड डेपोत कामगारांच्या सव्वीस खोल्या होत्या. दुरुस्ती मी करायचो, नोंद वासुदेवबाबू ठेवायचा. कोणती खोली कधी पाहिली, काय मोडलं, काय बसवलं, सगळं एका मोठ्या तक्त्यावर. पण तक्त्याचे चार कागद त्यानं शिजल्या भातानं चिकटवले होते. नागपूरचा साहेब तपासणीला आला, त्याच सकाळी बकरीनं तो तक्ता खाल्ला!

साहेब म्हणाला, "तक्ता नाही म्हणजे कामही नाही. बाबू, नोकरी गेली समजा."

आदल्या साली मी छपरावरून पडलो, तेव्हा याच बाबूनं मला सायकलवर तुमसरच्या दवाखान्यात नेलं होतं. मी पुढे झालो.

"कायले जाईल नोकरी? मले इचारा."

"बावीस नंबर?"

"नंबर मले नाही समजत. खोली कोनाची?"

"सखूबाईची!" बाबू ओरडला.

"सात कवेलू नवे, दाराची कडी नवी!"

साहेबानं शिडी मागवली. स्वतः वर चढून छपरावरचे नवे लाल कवेलू मोजले. सातच!

मग काय विचारता! बाबू नाव सांगे, मी काम सांगे, साहेब कोऱ्या कागदावर लिही. सव्वीसच्या सव्वीस खोल्या!

साहेब गेला. बाबूचे डोळे भरले. "भाऊ, तुमचे उपकार..."

"सायकलीचं फिटलं," मी म्हणालो.