हरणाबाईंचा कांद्याचा चष्मा

...आणि आज सकाळी पुन्हा तेच. मी भाकरी थापतेय, तवा तापलाय, आणि भिंतीपलीकडून हरणाबाईंचा आवाज, "शालूबाई, आवं, कांद्यानं कुणी आंधळं झालंय का वो आजवर?" आता काय सांगायचं माणसानं? नाही झालं, म्हटलं. तर म्हणे, "मग मला काय धाड भरली हुती?" झालं... म्हणजे आता सगळं पहिल्यापासून ऐकायचं आणि तोवर माझी भाकरी करपायची. तुम्हाला सांगते, आमच्या दोन घरांत भिंत एकच, पण या माउलीच्या पश्चात्तापापुढं ती भिंत म्हणजे फडकं. गेल्या लगीनसराईपासून ऐकतेय. कधी त्यांच्या मनात काय आलं हे त्यांच्यापेक्षा आता मीच नीट सांगेन. सांगतेच, बसा.

तर हरणाबाई या थोरल्या जाऊ आणि राहीबाई धाकटी. राहीबाईचा नवरा लालासाहेब पलटणीत, मोटारी दुरुस्त करतात त्या खात्यात, तिकडं मिसरच्या वाळवंटात. रजेवर आला तेव्हा ट्रंक उघडायला सगळी आळी जमली. इतरांचे पलटणवाले कांबळी आणतात, बिस्किटं आणतात, यानं काय आणावं? एक चष्मा. नंबराचा नव्हे हो, वाळू आत शिरू नये म्हणून डोळ्यांना चारी बाजूंनी गच्च बसणारा, मागं रबरी पट्टा, बैलाला झापड बांधतात तसा. आणि कोपरापर्यंत येणारे काळे रबरी हातमोजे. कशाला? तर बायको घरात साबण करते.

करतच होती. लढाईचे दिवस, दुकानात साबण नावाला मिळेना, आणि राहीबाईचं माहेर कराडचं, तिथं कुणा बाईंच्या वर्गात ती हे शिकून आलेली. शेंगतेल घाण्यावरचं, कास्टिक सोडा तेवढा कराडहून डब्यातून यायचा. आता कास्टिक दिसतं कसं विचारा. खडीसाखरेसारखं, इतकं गरीब. पण पाण्यात सोडलं की चूल नको, जाळ नको, पाणी आपलं आपणच कढतं, वाफ नाकात गेली की ठसका. अंगावर थेंब उडाला तर कातडी सोलून निघायची. लालासाहेबानं मोटारीच्या बॅटरीतल्या तेजाबानं आपला हात पोळून घेतलेला, त्यामुळं त्याला धास्ती. निघायच्या दिवशी तो थोरल्या वहिनीच्या पाया पडला आणि म्हणाला, "वयनी, ही घाईची हाय. चष्म्याबिगार त्या मडक्याजवळ उभी ऱ्हाऊ द्याची न्हाई. हिच्या डोळ्यांवर तुमचं ध्यान असू द्या." आणि हरणाबाई काय म्हणाल्या? "जा तू बिनघोर. तिचं डोळं म्हंजे माझी जोखीम." कुणी वदवून घेतलं होतं का? आपल्याच तोंडानं म्हणाल्या.

मग राहीबाईचा तो थाट सुरू झाला. लुगड्यावर नवऱ्याचा खाकी शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, पायांत त्याचे बूट, हातात मोजे, डोळ्यांवर तो चष्मा, आणि लाकडी दांड्यानं मडकं ढवळतेय. चावडीवरचा कोंडीबा परड्यावरून डोकावला आणि म्हणाला, "धाकल्या वयनी, उडायचं इमान कुठं उभं केलंय?" गाव हसलं. राहीबाई हसली नाही की रागावली नाही. मोज्यासकट हात वर करून थोरलीला सांगत होती, "आक्का, ध्येनात ठिवा. काय झालंच तर तूप न्हाई, दूध न्हाई, लिंबू न्हाई. पाणी. घागरीवर घागर, नुसतं पाणी." हरणाबाई तांदूळ निवडत म्हणाल्या, "व्हय व्हय." एवढंच.

इथवर ठीक होतं. पण एके दिवशी राहीबाईचं काम उरकलं, चष्मा खुंटीला, आणि हरणाबाई कांदा चिरायला बसल्या. आता हरणाबाई आणि कांदा हे प्रकरण तुम्हाला ठाऊक नाही. कांदा नुसता टोपलीत दिसला तरी त्यांच्या डोळ्यांना धार लागते. आणि भावकीत कुठंही लग्न असलं की आदल्या दिवशी बायका भाजी चिरायला जमायच्या, आणि कांद्याचं टोपलं मानानं थोरल्या जावेपुढं यायचं. मान कसला, चेष्टाच ती. "नवरीच्या आईच्या आदी आमच्या हरणाबाई रडत्यात", "आवं, पोरगी तुमची न्हवं, आवरा", हे दरवर्षी. हसून घेत होत्या बिचाऱ्या, पण मनाला लागायचं. तर त्या दिवशी सहज म्हणून खुंटीवरचा चष्मा डोळ्यांवर चढवला, कांदा चिरला... आणि एक टिपूस नाही. दुसरा चिरला, तिसरा चिरला, कोरडे ठणठणीत डोळे. तुम्हाला सांगते, अशा हरखल्या की घरात नको इतका कांदा चिरून ठेवला आणि दोन दिवस सगळ्यांनी कांद्याचं पिठलं खाल्लं.

मग आलं भावकीतल्या आप्पासोंच्या मुलीचं लग्न. आदल्या दिवशी दुपारी आम्ही सगळ्या त्यांच्या परड्यात विळ्या घेऊन बसलेल्या. राहीबाई घरीच थांबली होती, कारण कास्टिकचा डबा सकाळीच फोडलेला. तो डबा एकदा फोडला की कास्टिक हवेतलं पाणी पितं, खड्यांना घाम फुटतो आणि सगळं चिकट होऊन वाया जातं. लढाईच्या दिवसांत दुसरा डबा कुठला मिळायला? हे हरणाबाईंना ठाऊक होतं. तरी निघताना खुंटीवरचा चष्मा त्यांनी ओच्यात टाकला. विचारलं नाही. थोरल्या जावेनं धाकटीला काय विचारायचं? आणि मनात म्हणाल्या, ती आधी तेल कोमट करील, मग पाणी तोलील, तोवर मी टोपलं उरकून परत. असं त्या स्वतःला म्हणाल्या. मला रोज सांगतात ना.

परड्यात काय मजा आली म्हणता. टोपलं पुढ्यात आलं, बायका पदर तोंडाला लावून तयारच, आणि हरणाबाईंनी ओच्यातून काढून तो चष्मा चढवला. हसून हसून म्हाताऱ्या बनाबाईंना उचकी लागली. हरणाबाई सपासप चिरतायत, बायका रडतायत, या ताठ मानेनं बघतायत. मग जिला तिला चष्मा हवा. मीही घातला, खोटं कशाला बोलू? सगळं जग काचेआड पिवळं दिसतं.

आणि तेवढ्यात परड्याच्या दाराशी राहीबाई येऊन उभी राहिली.

अंगात खाकी शर्ट, हातात मोजे. डोळे उघडे. तिनं बघितलं, चष्मा फिरून पुन्हा हरणाबाईंच्या डोळ्यांवर. आता चार बायकांत धाकटी जाऊ थोरलीला म्हणेल का, की आक्का, माझी वस्तू द्या? भावकीपुढं, लग्नघरात? जीभ झडली तरी नाही म्हणायची. ती नुसतं म्हणाली, "चाललंय न्हवं, आक्का?" आणि हरणाबाई म्हणाल्या, "चाललंय की." आणि खाली बघून कांदा चिरायला लागल्या. राहीबाई आली तशी माघारी गेली.

खरं दुखणं हे आहे. चष्मा नेला ते एक, पण त्यांना कळलं होतं ती कशाला आली होती. काचेतून सगळं स्वच्छ दिसलं होतं. पण नुकतं कुठं आयुष्यात पहिल्यांदा कांद्यापुढं ताठ बसता आलेलं... "ह्ये एवढं टोपलं हूं दे, मंग जाते." कांद्यानं कुणी आंधळं झालंय का हो? रडल्या असत्या घटकाभर आणि मोकळ्या झाल्या असत्या.

टोपलं संपेना. हात चालतोय आणि कानात लालासाहेब, "वयनी, तुमचं ध्यान असू द्या." तळाला थोडे उरले तसं त्यांना बसवेना. विळी आडवी केली आणि उठल्या. चालत निघाल्या, वेशीपासून पावलं भराभर, चावडीपासून चक्क पळायला लागल्या, आणि डोळ्यांवरचा चष्मा काढायचं भान कुठलं? आता तुम्ही डोळ्यांसमोर आणा. नऊवारीचा काष्टा मारलेली, कपाळावर आडवं कुंकू, डोळ्यांवर ते झापड, हाताला कांदा, धापा टाकत येतेय. कुत्री मागं लागली. कोंडीबा चावडीच्या पायरीवर पेंगत होता, त्यानं एक डोळा उघडला आणि ओरडला, "आरं, उतरला रं! जपानी उतरला!" आणि काठी आडवी धरून रस्त्यात उभा. "कोंडीबा, मी हाय." "मी कोण? नाव बोल." "आरं मुडद्या, हरणा!" "हरणावयनी लगीनघरात हायत, मला ठावं हाय." आणि तेवढ्यात वरच्या आळीतून राहीबाईची किंकाळी आली. कोंडीबाच्या हातची काठी खाली आली आणि हरणाबाई... त्या काठीवरून उडी मारून गेल्या. मी मागून येत होते. या डोळ्यांनी बघितलं.

पडवीत मडकं तसंच, दांडा खाली पडलेला, आणि राहीबाई भिंत चाचपत पाण्याकडं निघालेली. चष्मा नाही म्हणून तिनं विरविरीत पदर डोळ्यांवरून घेऊन कानामागं खोचला होता. ढवळताना थेंब उडाला तो पदरावर, पदर भिजला आणि कापडातून झिरपून ते नेमकं उजव्या डोळ्यावर. म्हणजे आडोसा केला तो पदरच चिकटून बसला. हरणाबाईंनी पदर ओढून काढला, तिला खाली बसवलं, मान तिरकी केली आणि घागर उचलली.

तोवर सगळं परडं मागून आलं. बनाबाई म्हातारी तुपाची वाटी घेऊन, "आगं तूप भर, थंडावा यील." कुणी म्हणे लेकुरवाळीचं दूध पिळा. कुणी लिंबू कापूनच आणलेलं. हरणाबाई हात लावू देतील तर. डावा हात आडवा, उजव्यात तांब्या, डोळ्यांवर अजून तो चष्मा, "मागं व्हा समद्या. पाणी. निस्तं पाणी. घागरी भरून आणा, न्हाईतर वाटंला लागा." बनाबाई म्हणाल्या, "बाई, गार पाण्यानं डोळा बसंल." तर हरणाबाईंनी बनाबाईंच्या हातातली वाटी घेतली आणि तूप जमिनीवर ओतलं. लढाईच्या दिवसांत, तूप! मग घरोघरच्या घागरी आल्या, माझ्या दोन रिकाम्या झाल्या, पडवीचा चिखल झाला, राहीबाई कुडकुडायला लागली, तरी या ओततायत.

बैलगाडीनं साताऱ्याला नेलं. डॉक्टरनं डोळा उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, "पाणी कुणी ओतलं?" राहीबाईनं बोट दाखवलं. डॉक्टर म्हणाला, "बाई, यांचा डोळा तुम्ही वाचवलात." झालं. इथून हरणाबाईंचे खरे भोग सुरू झाले. डोळ्याला पट्टी होती, ती सुटली, पापणीवर एक पांढरा डाग तेवढा राहिला. पण गावभर काय? हरणाबाईंनी डोळा वाचवला. पाणवठ्यावर बायका वाट देतात. बनाबाई, जिचं तूप मातीत गेलं, ती सुनांना सांगते, "जाऊ असावी तर अशी." आणि या प्रत्येकाला सांगायला जातात, "आवं, मीच नेला हुता चष्मा", तर लोक म्हणतात, बघा कसा मोठेपणा, दोष स्वतःवर घेतात.

राहीबाईला तर किती वेळा सांगायला बघितलं. "राही, त्या दिशी तू दारात आलतीस नव्हं, तवा मला..." की राहीबाई म्हणणार, "आक्का, भात उतू चाललाय." दुसऱ्या दिवशी "राही, ऐक की गं..." "आक्का, वासरू सुटलंय." वासरू दाव्याला बांधलेलं. भात चुलीवर नसतोच.

आणि परवा लालासाहेब रजेवर आला. येतो तो थेट थोरल्या वहिनीच्या पायांवर डोकं. "वयनी, माझी जोखीम संबाळलीसा." हरणाबाईंना हुंदका आवरेना, "आरं लाला, मीच रं तो..." आतून राहीबाई, "आक्का, भात." पण या वेळी त्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "चुलीत जाऊ दे भात. लाला, चष्मा मीच नेला हुता. कांदा चिराया. आन ती दारात आली तवा म्या बगितलं हुतं." लालासाहेबानं बायकोकडं बघितलं. मग ट्रंक उघडली आणि आणखी एक चष्मा काढून वहिनीच्या हातात ठेवला. म्हणाला, "मला ठावं हाय. हिनं मागंच कळीवलं हुतं. म्हणली, आक्कास्नी कांदा लय लागतो, दुसरा आणा, म्हंजे मला दारातनं माघारी फिराया नगं."

एवढंच. ना राग, ना बोलणं. आता सांगा, असं कुणी वागलं तर अपराधी माणसानं तोंड कुठं लपवायचं?

तर आज सकाळी मी म्हटलं, "हरणाबाई, कांद्यानं कुणी आंधळं होत नाही, पण तुमच्याकडं आता चष्मा आहे ना? मग लावा की." तर म्हणतात, "लावलाय की." मी भिंतीवरून डोकावले. पुढ्यात कांदा, हातात विळी, डोळ्यांवर तो गच्च चष्मा, आणि काचांच्या आत निम्म्यापर्यंत पाणी साठलेलं. पुसायची सोय नाही, चारी बाजूंनी बंद. कांदा आत शिरत नाही हो, पण आतलं बाहेर यायलाही वाट नाही. त्यांनी चष्मा काढला, तांब्या उपडा करावा तसं पाणी ओतलं, पुन्हा लावला, आणि म्हणाल्या, "शालूबाई, काय जळतंय का वो तुमच्याकडं?"

जळणारच. माझी भाकरी.