मागची काच

यशोदाबाई : सोडा टाकल्याबिगर एवढी बुरशी निघंल व्हय? घाला की मूठभर!

सयाजी : माय, ही गोधडी न्हाई, मोटारीचा टप हाय. सोड्यानं कापडाचा जीव जातो. मग पावसाचं पाणी सरळ डोक्यावर. आधी कोरडा ब्रश, मग रिठ्याचं कोमट पाणी, मग सावलीत वाळवणं. वरून तुरटी आन् मेण. देहूरोडला डेपोत तंबू शिवूशिवू बोटं झिजली माझी. ओला मिटून ठेवला कुणी ह्यो?

यशोदाबाई : मालक गेले, तवापास्नं तसाच मिटल्याला. गोरा साहेब इलायतेला गेला, तवा त्याच्याकडनं हौसेनं घेतली हुती मालकांनी मोटर. मालकांच्या मागं टप वर करायची गरजच पडली न्हाई कवा.

सयाजी : उंदरांची बाळंतपणं झालीत आत. आता का वर करायचाय?

यशोदाबाई : आमच्या थोरलीला औंधच्या दवाखान्यात न्यायचीय. मागल्या बारीला उघड्याच मोटारीतनं नेली, तर समद्या मोशीनं बघितली. ह्या बारीला तिथं ठेवूनच घेणार हायती. टप वर करा, बाजूचं पडदं सोडा, आन् मागली काच कापड लावून शिवून टाका.

सयाजी : काच कशाला? पिवळी पडलीय, पर फुटली न्हाई. ती शिवली तर आत अंधारकोठडी व्हईल, माय. आजारी माणसाला वाईच उजेड...

यशोदाबाई : तुमाला टप धुवाया बोलावलंय, डाक्टरकी कराया न्हाई.

सयाजी : चुकलं, माय.

यशोदाबाई : तसं न्हवं, सयाजी. धाकट्या कुसुमची सोयरीक निघोज्याला जमलीय. घरात क्षय हाय म्हणून त्यांच्या कानावर गेलं, तर पोरगी जलमभर घरात. एकीला सासरच्यांनी आणून टाकली. दुसरीला कोण पदरात घेणार?

इंदू : हळू बोल, आई. छाती खराब झालीय माझी, कान शाबूत आहेत.

यशोदाबाई : अगं, तू का उठलीस? पुढं येऊ नगंस. तिथंच दारात बस.

इंदू : दारातच बसलेय. सयाजीकाका, ती काच शिवू नका.

यशोदाबाई : इंदे!

इंदू : निघताना मला छबूला बघायचंय. बाकी काही मागत नाही मी. मी आतून बघीन. त्या पिवळ्या काचेतून बाहेरच्यांना काय दिसणार?

यशोदाबाई : दिसतं. लोकांचं डोळं घारीचं असत्यात.

इंदू : माझी पोर आहे ती! महिना झाला, तिला भिंतीपलीकडून ऐकतेय. हसली तरी ऐकायचं, रडली तरी ऐकायचं. आता तिथं ठेवून घेणार म्हणतात. ठेवून घेतलेल्यांतली किती घरी येतात, ते मी मागच्या खेपेला बघितलंय.

सयाजी : आसं बोलू न्हाई, ताई. आता नव्या सुया आल्यात मनं. लई जण बरे व्हऊन घरी जातेत.

इंदू : जात असतील. काका, तुम्हाला आहे कुणी?

सयाजी : एक लेक हाय, तिकडं बीडाकडं, आजीपाशी. दोन साल झाले बघून. आता समोर आली तर वळखंल का न्हाई, देव जाणे. माय, मी काय मनतो, काचेवर झडप लावू का? दारातून निघेस्तोवर उघडी, मग पाडून टाकायची.

यशोदाबाई : न्हाई म्हणलं ना!

इंदू : राहू द्या, काका. कुसुमच्या हळदीसाठी ही माझ्या तोंडावर कापड घालतेय. मेल्यावर घालतातच की. तेवढी तरी कळ काढायची होतीस, आई.

यशोदाबाई : जळ्ळं तुझं बोलणं! लोकं गेली खड्ड्यात आन् सोयरीक गेली उडत! मागल्या बारीला निघताना तू मागं वळून बघितलंस. पोर धुरळ्यातनं पळत आली. तू डायवर भैरूला गाडी थांबवाया लावलीस, खाली उतरलीस, तिला छातीशी धरलीस. मुकं घेतलंस तिचं. मी दारातनं वरडत हुते, सोड तिला, सोड तिला. सोडलीस?

इंदू : एकदाच घेतलं, आई. एकदाच.

यशोदाबाई : आठ दिस झालं, रातच्याला खोकतीय छबू.

[सयाजीचा ब्रश टपावर तसाच टेकलेला.]

इंदू : ताप?

यशोदाबाई : सांजच्याला अंग कोमट लागतंय. तुला सांगणार न्हवते मी. वैद्य म्हणतोय सर्दी हाय. सर्दीच आसंल. खंडोबाराया, सर्दीच आसू दे रं.

इंदू : वैद्य नको. तिलाही औंधला दाखव. माझ्याबरोबर नको, माझ्या गाडीतून नको. नंतर ने. पण ने.

यशोदाबाई : नेते गं, नेते. रडू नगंस, पुन्यांदा उबळ येईल तुला... सयाजी.

सयाजी : जी, माय.

यशोदाबाई : काच राहू द्या. कुणाला काय बघायचं ते बघू द्या. निघताना छबूला दारात उभी करते मी, हात धरून. हिला तेवढं तरी डोळाभर बघू द्या.

सयाजी : ठिवतो, माय. आशी पुसून देतो की लख्ख दिसंल. पिवळेपणा बी निम्मा जाईल.

इंदू : नको, काका. शिवून टाका.

सयाजी : आवं ताई, आता तर माय हो मनल्या.

इंदू : म्हणूनच सांगतेय. ती दिसली की मी गाडी थांबवीन. परत उतरीन, परत उचलून घेईन. माझा माझ्यावर भरवसा नाही.

यशोदाबाई : इंदे, अगं, मी धरून ठिवते म्हणतीय की तिला.

इंदू : मला कोण धरील?

सयाजी : बरं, ताई. आतून एक पदर लावतो जाड कापडाचा.

इंदू : दोन लावा. आणि टीप बारीक घाला, काका. नखांनी उसवता येईल अशी नको.