पावण्याकडनं भाडं कसं घ्यायचं?

...आन् मधी मधी 'हूं' म्हणत जावा, न्हाईतर मला वाटतंय झोपलासा! तर हुपरीच्या वाटंवरल्या एका गावात हुती एक बायडाबाई, तिचा नातू आदर्श आन् नातसून निशिगंधा. बायडाबाई म्हंजे माझी थोरली जाऊ, म्हणून गप बसून बघितलं, दुसरी कोण असती तर तिथंच झाडली असती की!

आदर्श कागलच्या एमआयडीसीत, निशिगंधा कोल्हापुरात दवाखान्यात नर्स. रोजचा एसटीचा हेलपाटा. तिला दिवस गेलं तशी डॉक्टरीण म्हणाली, "ह्या महिन्यापास्नं धक्के बंद. कोल्हापुरात ऱ्हावा, न्हाईतर नोकरी सोडा." सोडून चालंल व्हय? मग निघालं पोरगं, पगारात बसंल असली जागा हुडकायला... एकटंच चाललं हुतं वो! पर बायडाबाई आडवी. "घर माणसं बघून घ्यायचं असतंय. मी येणार!" मलाबी संगट वढली. आन् ह्या बाईचं डोस्कं म्हंजे काय सांगू तुम्हास्नी... कुणाची लेक कुठं दिली, कुणाच्या लग्नात कोण रुसलं, समदं तोंडपाठ!

पयलं कोल्हापुरात फुलेवाडीला हंबीररावांचा वरचा मजला. हवा, पाणी, भाडंबी झेपण्यासारखं. आदर्श ॲडव्हान्सला खिशात हात घालतोय, तवर हिनं विचारलं, "पावणं, मूळ गाव कंचं?" झालं! हंबीररावांची चुलत आत्या आन् हिची माहेरची वहिनी सख्ख्या मावसभणी निघाल्या! हंबीरराव पाया पडलं, "आत्या, आधी सांगायचं न्हाई व्हय!" मटण आलं, तांबडा-पांढरा रस्सा झाला, बोटं चाटली... आन् हात धुताना म्हणतंय, "पर आता पावण्याकडनं भाडं कसं घ्यायचं वो? लोक तोंडात शेण घालतील!" मग फुकट द्यायचं की! छ्या, तेवढं काय नातं जवळचं नव्हतं!

मग कळंब्यात सम्राट म्हणून तरणा मालक, कानात ती गाण्याची बोंडं घातलेली. आदर्शला वाटलं, ह्याला कुठलं नातं ठाव असणार? नव्हतंच ठाव. हिनं आईचं माहेर इचारलं आन् सांगितलं! "तुझ्या आईच्या साखरपुड्यात लाडू कमी पडलं, ते बसून कुणी वळलं? मी!" पोरानं आईला फोन लावला, आई तिकडं रडतीया, ही हिकडं रडतीया... आन् शेवटी सम्राट मान खाली घालून, "आज्जी, आई म्हणतीया, पावण्याकडनं भाडं कसं घ्यायचं?"

दवाखान्यातनं सुटून जागा बघायला आलेली निशिगंधा तिथंच पायरीवर बसली. पोटावर हात. "आज्जी, तुम्ही घर बघायला आलाय का सोयरीक जुळवायला?" बायडाबाईचं तोंड एवढंएवढं झालं.

मग आदर्शनं सदर बाजारात हुसेनबीच्या दोन खोल्या काढल्या. "इथं तरी पावणं निघायचं न्हाईत! आन् आज्जी, तुला बाळाची शपथ, तोंड उघडायचं न्हाई." बायडाबाई तोंडाला पदर लावून बसली.

हुसेनबी बघती, बघती... "मुकी हाय काय वो ही? थांब. पदर काढ. तू रेंदाळची बायडी न्हवं?"

शपथ घातलेली! बायडाबाईनं 'न्हाई' म्हणून मान हलीवली.

"खोटं? तुझ्या लग्नाचा चुडा माझ्या अब्बानं भरलाय, पेटी धरून मी बसलेली! बांगडी फुटून लागली तर रडून मांडव डोक्यावर घेतलेलास. दाव मनगट!"

मनगटावर वण. बायडाबाईच्या डोळ्याला धार. आन् आदर्शनं उचलली पिशवी, "चला... आता म्हणणार, पावण्याकडनं भाडं कसं घ्यायचं."

"कसं म्हंजे?" हुसेनबी कडाडली, "हातानं घ्यायचं! एक तारखेला! अरं, ओळखीचं हायसा म्हणून तर देतीया. परक्यानं बुडवलं तर कुठं हुडकू? तुम्ही बुडवलं तर थेट गावात येऊन भांडीन! बाळ हुईपतूर निम्मं द्या. ठेव ती पिशवी!"

तर तुम्हास्नी सांगते, घर मिळालं, नोकरी ऱ्हायली, लक्षुमीसारखी लेक झाली. बारशाला बायडाबाईनं समद्या पावण्यास्नी बलीवलं, आन् ते आता दर रविवारी येत्यात. मागल्या खेपंला गेलते, तर हंबीरराव कॉटवर आडवं, सम्राटची आई खुर्चीत, आन् निशिगंधा लेकराला घेऊन बाहेर जिन्यात! म्हटलं, "अगं, हितं का बसलीस?"

तर म्हणती कशी, "काय करू आज्जी... पावण्याला ऊठ कसं म्हणायचं वो?"