सासरेबुवांचा आवाज वाढवताना

नाही, पण मला सांगा, कमी आवाजात काय वाईट होतं हो? ऐकू येत होतं ना? पण नाही! सासरेबुवांचं आपलं एकच, "जावईबापू, आवाज वाढवा!" अहो, आवाज वाढवला की सगळंच वाढतं!

तुम्हाला सांगतो, धंदा माझा रेकॉर्डिंगचा, स्टुडिओ म्हणजे घरातलीच एक खोली, गाणारा आणि मी एकाच माइकपुढे. सासरेबुवा निवृत्त झाले आणि गायला लागले... वरच्या पट्टीत कधी झेप घेतील, नेम नाही! आवाज फाटायला नको म्हणून मी गेन, म्हणजे माइकची आवाज पकडायची ताकद हो, ठेवला पार खाली. झालं! गाणं आलं मुंगीएवढं. आता ते वर ओढायचं म्हणजे तळाचा गाळही वर येणार... पंखा, खुर्चीची कुरकुर, माइकची सुरसुर... आणि मी!

हो, मी! शेवटचं कडवं तिसऱ्यांदा सुरू झालं आणि माझ्या तोंडून निसटलं, अगदी कुजबुजत, "संपवा की आता!" तेही नेमकं त्यांच्या लांबवलेल्या सुराखाली. कापू कसं? सूरही जाईल की!

आणि आता ऐकायला सासरेबुवा माझ्या खांद्याशी उभे! मागे सासूबाई मटार सोलत बसलेल्या, रेकॉर्डिंगच्या वेळीही तिथेच होत्या. बायको म्हणते, "अहो, घाम का आलाय तुम्हाला?" काय सांगू हिला? "अजून वाढवा!" मी केसभर वाढवला. "अहो, भिताय काय?" म्हणून त्यांनी स्वतःच बटण सरकवलं. आवाज वाढवला की सगळंच वाढतं... शेवटचं कडवं आलं... सूर लांबला...

"संपवा की आता!"

सासरेबुवांचा चेहरा पडला हो. "कोण बोललं हे?"

कुजबुजीवरून माणूस थोडाच ओळखू येतो! मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून सासूबाई शांतपणे, "मी."

"तू? म्हणजे... तू शेवटपर्यंत ऐकत होतीस?"

"मग? कानांना काय झाकणं आहेत?"

आणि माणूस खुलला ना! "जावईबापू, तेवढं वाक्य जरा मोठं करा!"

सासूबाई जाता जाता मला हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी मनात बोला. मी आजवर तेच केलंय."

आता आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवतात हो... "थांबा हं, आता हिचं वाक्य येतंय!" पाहुणे हसतात. मीही हसतो. करता काय?