शाफ्ट सैल मीच केला होता

…नाही, मला सांगा, एक डाग पडू नये? एकसुद्धा? अहो, मी अख्खी सकाळ त्या गाडीखाली उताणा पडलोय, डोळ्यात गंज, कानात ग्रीस, पाठीखाली घेतलेला पुठ्ठा पाठीलाच चिकटलेला, आणि हा माणूस पांढरा, इस्त्रीचा शर्ट घालून येतो, खाली वाकतो, आणि शाफ्ट त्याच्या हातात! आणि शर्ट? तसाच. तुम्हाला सांगतो, शाफ्ट त्याच्या हातून निघाला त्याचं मला काही नाही. मला त्या शर्टाचं दुःख आहे. आणि मुळात तो शाफ्ट सैल मीच केला होता.

हा माणूस म्हणजे माझा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बघा, साडू म्हटल्याबरोबर तुमच्यातले निम्मे गालात हसले, दिसलं मला. तुम्हालाही आहे ना एक? पण तुमचा वाईट असेल हो, तुम्ही सुखी आहात. माझा चांगला आहे, तोच तर वांधा आहे! सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा याला पाठ, सासूबाईंचा मिक्सर हा उघडून नीट करतो, जेवण झालं की उठून भांडी विसळतो… आणि तीसुद्धा माझ्या बायकोसमोर! सासरे त्याला 'जावईबापू' म्हणतात. आणि मला? लग्नाला इतकी वर्षं झाली, मला अजून 'अहो, ऐकलं का' म्हणतात. अहो, ते मला माझी बायको म्हणते!

एकाच गोष्टीत मी त्याच्या वर होतो. गाडी. त्याची ती डबीएवढी, आणि माझी फोर-व्हील! जुनी आहे, मान्य, दार दोनदा ओढावं लागतं, तेही मान्य, पण चारही चाकांना ताकद! आणि सासऱ्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ते स्वतःहून म्हणाले, "सोमवारी तुमच्याच गाडीतून जाऊ, उंच आहे, वाकावं लागत नाही." तुमच्याच! तो 'च' मी रात्री उशाशी घेऊन झोपलो.

आणि नेमकी गाडी पुढून खडखडायला लागली. पार्टवाल्याला दाखवली, तर म्हणाला, पुढच्या शाफ्टचा सांधा गेलाय. पुढचा शाफ्ट म्हणजे काय, तर गाडीच्या पोटातून पुढच्या चाकांना ताकद नेणारा लोखंडी दांडा. तेवढा काढून आणा, म्हणाला, सांधा बदलून देतो, तोवर गाडी मागच्या चाकांवर पळेल, बोल्ट काढले की शाफ्ट आपोआप हातात येतो. आपोआप! या पार्टवाल्याला एकदा माझ्या गाडीखाली झोपवायला पाहिजे.

रविवारी सकाळी घुसलो खाली. एकेक बोल्ट किंचाळत निघाला, पण निघाला. सगळे निघाले. शाफ्ट? जागचा हलेना! तेल सोडलं, हातोडा घातला, पहार लावून लोंबकळलो, गोड बोललो, शिव्या दिल्या… आणि अंगणात खुर्ची टाकून सासरे बसलेले, ते म्हणतात कसे, "मला नीट दिसत नाही, पण निघालेला वाटत नाही." त्यात बायको बाहेर आली, माझे फक्त पाय बाहेर, त्या पायांना म्हणाली, "अहो, मी धाकटीला फोन केलाय, भावजी येतायत." मी आतून ओरडलो, आता निघतोच आहे, सैल झालाय! तर ती पायांना म्हणाली, "हो, हो."

आला. आधी चहा घेतला. मग गाडीखाली जायचं सोडून आत ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला, काहीतरी बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, "दादा, जरा जॅक देता?" पुढचं एक चाक उचललं. तर काय सांगू, चाकानं जमीन सोडली मात्र, ते आपलं आपणच गर्रकन उलटं फिरलं, पोटातून धाडकन आवाज आला! हा परत आत गेला, दोन बोटांनी काहीतरी सरकवलं, बाहेर येऊन वाकला… आणि शाफ्ट हातात. सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिसत नाही ना त्यांना? टाळ्या बरोबर वाजवल्या! मी म्हटलं, अहो, सैल मीच केला होता. कुणी ऐकेना. मोठ्यानं म्हटलं. बायको म्हणाली, "हात धुवून घ्या."

आणि मग साडू स्वतः म्हणाला, "खरंच सांगतो, सैल दादांनीच केला होता. मी नुसता हात लावला." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू… एक क्षणभर. कारण लगेच सासरे म्हणाले, "पाहिलंत? किती मोठं मन आहे जावईबापूंचं."

म्हणजे माझं वाक्यसुद्धा त्याचं झालं!

आता जे सांगतो ते इथल्या इथे ठेवा. नळावर हात धुताना तो माझ्या कानाशी आला. म्हणाला, "दादा, कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी फोर-व्हीलमध्ये टाकायची नाही. पीळ भरतो, मग शाफ्ट आवळून बसतो. चाक उचललं की पीळ सुटतो." आणि मला आठवलं. आधीच्या रविवारी सगळे तलावावर गेलो होतो, तेव्हा याच्या देखत, सासऱ्यांच्या देखत, मी ऐटीत सीटशेजारचा तो लिव्हर ओढला होता, बघा, फोर-व्हील! रस्ता कसा, तर टेबलासारखा. तसाच गेलो, तसाच आलो, आणि नंतर सबंध आठवडा त्यातच चालवली, कारण लिव्हर तसा दिसला की मला बरं वाटायचं. म्हणजे तुम्हाला सांगतो… सैल मी केलाच नव्हता. आवळला मी होता. आणि हे त्याला सीटवर बसल्याबरोबर कळलं होतं, आणि तो कुणाला बोलला नाही. बोलला असता तर काय बिघडलं असतं? मी आयुष्यभर सुखानं त्याच्यावर जळलो असतो. आता जळतोच आहे, पण वर त्याचे उपकारही आहेत.

सोमवारी गेलो, माझ्याच गाडीतून. त्याच्यासारखाच पांढरा, इस्त्रीचा शर्ट घालून. चालवायला कोण? साडू. वाटेत काही आवाज आला तर जावईबापूंना कळेल, असं सासरे म्हणाले आणि पुढे त्याच्या शेजारी बसले. मागच्या सीटवर मी आणि माझ्या अंगाला टेकलेला शाफ्ट, येताना पार्टवाल्याकडे टाकायला.

दुसऱ्या दिवशी पट्टी उघडायला गेलो, शर्ट तोच. डॉक्टरांनी पट्टी काढली. सासऱ्यांनी डोळे मिचकावले, मुलींकडे बघितलं, जावईबापूंकडे बघून हसले, आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे असं नीट, निरखून बघितलं हो… माझा ऊर भरून आला. म्हणाले, "अहो, ऐकलं का… तुमच्या शर्टाला डाग पडलाय."

ऑपरेशन अगदी उत्तम झालंय.