घोडा जी पाच

(पलंगावर आत्या पालथी पडलेली, तोंड उशीच्या भोकात. शेजारी खुर्चीत भाची, मांडीवर लॅपटॉप; पडद्यावर ऑनलाइन बुद्धिबळाचा डाव.)

भाची : मान वर करू नकोस, आत्या! डॉक्टरांनी काय सांगितलंय?

आत्या : डोळ्यात वायूचा फुगा सोडलाय, मान वर केली की तो सरकतो आणि ऑपरेशन पाण्यात. पाठ झालंय गं. आठवडाभर फरशी बघत पडायचं म्हणजे काय, ते त्यांनी एकदा करून बघावं. तो खेळला का?

भाची : खेळला. राजा एच आठ. कोपऱ्यात नेऊन ठेवला.

आत्या : घाबरला.

भाची : घाबरतोय कशाला? चांगली चाल आहे. कॉम्प्युटरनंही हीच सुचवली असती.

आत्या : तुझा कॉम्प्युटर घाबरत नाही, म्हणून त्याला माणसं कळत नाहीत. मघाशी मी उंट पुढे केला, तो याला मारता येत होता. मारला?

भाची : नाही. पण मारला असता तर तू तिथंच हरली असतीस.

आत्या : मारला नाही ना? मग झालं तर. फुकट काही मिळालं की याला संशय येतो. इतकी वर्षं कोर्टात उलटतपासण्या काय उगाच घेतल्या? साक्षीदार बघून प्रश्न विचारायचा असतो.

भाची : आणि मी औषधांच्या दुकानात बसते. माझ्याकडे गोळी बरोबर असते नाहीतर चूक असते. गिऱ्हाइकाचं तोंड बघून बदलत नाही.

आत्या : म्हणून तुझे डाव इतके कंटाळवाणे होतात.

भाची : हो का? मग बाद होऊन पड घरी. एक डाव हरलं की स्पर्धेतून बाहेर, माहितीये ना? आज जिंकलीस तर पुढच्या फेरीत तुझा तो ‘पोस्टमास्तर’ आहे.

आत्या : त्याचीच वाट बघतेय मेल्याची. गेल्या वर्षी मला हरवलं आणि वर लिहितो, ‘वयाच्या मानानं बरं खेळता’! पुढच्या वर्षी या डोळ्यानं किती दिसेल ते कोणी सांगत नाही. दुसरा तर केव्हाच गेलाय. काय व्हायचं ते याच वर्षी.

भाची : मग जपून खेळ की जरा.

आत्या : गप्प बस, पट विसरेन मी. घोडा जी पाच.

भाची : जी पाच? नक्की?

आत्या : ‘नक्की’ विचारायचं नाही. पंचांना काय लिहून दिलंस?

भाची : आत्याला स्क्रीन बघता येत नाही. बोटं माझी, चाली तिच्या. मी काही सुचवणार नाही.

आत्या : मग चालव बोटं. घड्याळ पळतंय.

भाची : ...झालं. खेळले.

आत्या : काय करतोय तो?

भाची : विचार.

आत्या : करू दे. आता घाम फुटला असेल.

भाची : खेळला! प्यादं जी पाच. अगं आत्या, घोडचूक केली त्यानं! राजासमोरचं दार सताड उघडलं. आता त्याचा वजीर जातोय, नाही वाचत!

आत्या : कुठलं प्यादं? एचवरचं ना? घोडा मारला?

भाची : नाही. जीवरचंच. सरळ पुढे आलं.

आत्या : सरळ पुढे. जिथं माझा घोडा उभा आहे तिथं?

भाची : आत्या, ऐक ना...

आत्या : घोड्याच्या डोक्यावर बसलं का ते प्यादं? काय खेळलीस तू?

भाची : हत्ती ई एक. अगं, त्याचं एचवरचं प्यादं मघाच पुढे आलंय. मला वाटलं तू विसरलीस. घोडा फुकटात जात होता.

आत्या : विसरले नव्हते. द्यायचाच होता तो.

भाची : द्यायचा? चूक होती ती चाल.

आत्या : असेल. डॉक्टरनं लिहिलेली गोळी तुला पटली नाही, तर दुसरीच बांधून देतेस का गिऱ्हाइकाला? न विचारता?

भाची : नाही.

आत्या : मग?

भाची : तू हरायला नको होतीस मला. बस्स. तुझा तो पोस्टमास्तर, तुझा डोळा... राहवलं नाही.

आत्या : डाव सोड.

भाची : आत्या, आपण जिंकतोय!

आत्या : ‘आपण’ म्हणालीस ना? म्हणूनच सोड. बटण कुठं असतं ते तुला माहितीये.

भाची : पंचांना सांगू या, माझी चूक झाली म्हणून. समजून घेतील.

आत्या : ते सांगच. पण आधी सोड. मला तिकडे तोंड वळवता येत नाही, नाहीतर मीच दाबलं असतं.

भाची : ...सोडला.

आत्या : काही लिहिलं त्यानं?

भाची : ‘मी तर हरत होतो. का सोडलात?’

आत्या : लिही, भाचीनं मदत केली.

भाची : लिहिलं. रागावलीस?

आत्या : हो. चांगलीच रागावले आहे. आणि रडू नकोस, मला इथून पुसता येत नाही. कपाटातला लाकडी पट काढ. तो डाव लाव, माझ्या चालीच्या आधीपर्यंतचा. त्याच्या बाजूनं तू खेळ.

भाची : मी घोडा मारणार. लगेच.

आत्या : मार ना. तुझ्यासमोर हरेन.

भाची : लावला. खाली ठेवलाय, तुझ्या हातापाशी.

आत्या : घोडा जी पाच.

भाची : ठेवला.

आत्या : थांब. बोट लावून बघू दे.