अंधुक चालेल, उशिरा नको

(फिनलंड, ऑगस्टअखेर. दृष्टी गेलेले ओइवाकाका जंगलात. फोन छातीवर बांधलेला, कॅमेरा समोर. दूर ओउलू शहरातल्या मदत केंद्रात बसून मेर्वी त्यांना वाट सांगते आहे.)

मेर्वी : थांबा! ओइवाकाका, थांबा म्हटलं ना!

ओइवा : थांबलोय की. पाण्यात.

मेर्वी : अगं बाई! बुटात गेलं?

ओइवा : गुडघ्यापर्यंत बूट आहेत. नाही गेलं. पण तू जरा आधी सांगत जा.

मेर्वी : आधीच सांगितलं हो! मला तर तुमच्यापुढं अजून कोरडी जमीन दिसतेय. चित्र रडतखडत येतंय. इथं पोचेपर्यंत तुम्ही दोन पावलं पुढं गेलेले असता.

ओइवा : म्हणजे तू वाट दाखवतेस ती मघाच्या ओइवाला.

मेर्वी : अगदी! तिथं नेट कमी आहे, एवढं मोठं स्वच्छ चित्र त्यातून मावत नाही. मी ते बारीक करते. अंधुक येईल, पण वेळेवर येईल. चालवायला तेवढं पुरतं.

ओइवा : किती अंधुक? जागा ओळखू येणार नाही ना?

मेर्वी : कसली जागा?

ओइवा : माझी. अळंब्यांची.

मेर्वी : म्हणून फोनवर पत्ता दाखवायचं बंद करून ठेवलंय होय! काका, पडलात बिडलात तर माणूस कुठं पाठवू?

ओइवा : लेक माझी, किर्स्ती, रस्त्यावर गाडीत बसलीय. शिट्टी वाजवली की येईल.

मेर्वी : तिलाच आणायचं की सोबत.

ओइवा : तिला जागा माहीत नाही. अळंब्यांची जागा कुणी कुणाला सांगत नसतं.

मेर्वी : पोटच्या पोरीला?

ओइवा : तुझ्या वडिलांनी तुला सांगितली होती?

मेर्वी : ...नाही. मरेपर्यंत नाही सांगितली.

ओइवा : शहाणा माणूस. तू जातेस अळंब्या गोळा करायला?

मेर्वी : जाते की. माझ्या जागी यंदा काही म्हणजे काही उगवलं नाही मेलं.

ओइवा : मग कर अंधुक. आणखी कर.

मेर्वी : अहो, मी ओउलूत! तुमच्याकडं यायचं तर अख्खा दिवस मोडेल.

ओइवा : अळंब्यांसाठी लोक याहून लांब जातात.

मेर्वी : झालं बारीक. चला आता. डावीकडं दलदलीवर फळ्या टाकल्यात. डावा पाय उचला. अजून थोडा. बस्स, टेका.

ओइवा : लागली फळी.

मेर्वी : बघा, कसं वेळेवर येतंय! सरळ. सरळ. ओली आहे, सांभाळून.

ओइवा : चार वर्षं झाली डोळे जाऊन. आज जमलं नाही तर पुन्हा एकटा जंगलात शिरणार नाही, असं किर्स्तीला कबूल करून बसलोय.

मेर्वी : मग जमवूया की! उतरा, जमीन आली.

ओइवा : आता चढ. पुढचं पायांना ठाऊक आहे... हा दगड. इथंच. पिवळं दिसतंय?

मेर्वी : दिसतंय. पण अळंब्या आहेत की बर्चची गळलेली पानं, काय कळावं? नुसता रंग सांडल्यासारखं दिसतंय. आता स्वच्छ चित्र हवं. तुम्ही हलला नाहीत तर उशिरा आलं तरी चालेल.

ओइवा : स्वच्छ म्हणजे तुला सगळं दिसणार.

मेर्वी : दिसणार.

ओइवा : दगड, झाडं, सगळं.

मेर्वी : सगळं. जबरदस्ती नाही काका. तुम्ही म्हणाल तसं.

ओइवा : ...घे. कर स्वच्छ. हलत नाही मी.

मेर्वी : येतंय... येतंय... आई गं!

ओइवा : काय झालं?

मेर्वी : पानं नाहीत हो! शेवाळावर अळंब्याच अळंब्या! पार त्या आडव्या झाडापर्यंत.

ओइवा : आडव्या? कुठलं झाड आडवं?

मेर्वी : जाडजूड बर्च. मुळासकट पडलंय. शेवाळ चढलंय त्याच्यावर.

ओइवा : मी पाहिलं तेव्हा उभं होतं.

मेर्वी : वाईट वाटलं?

ओइवा : वाटणारच. त्याला टेकून कॉफी प्यायचो. जाऊ दे. पहिली कुठं आहे?

मेर्वी : उजव्या बुटापुढं. वाका. अजून पुढं. हां!

ओइवा : लागली. खालच्या शिरा देठावर उतरल्यात... वासही तोच, जर्दाळूचा. तीच आहे. मेर्वी, आलो गं मी.

मेर्वी : आलात, काका. आलात! पुढची सांगू?

ओइवा : नको. थोडा वेळ काही बोलू नकोस. पण फोन ठेवू नकोस.